साधा भूतकाळ की पूर्ण वर्तमानकाळ: बडोद्यातील एका इंग्रजी वर्गाचे परीक्षण

अलकापुरीपासून मांजलपूरपर्यंत बडोद्याच्या कोणत्याही वर्दळीच्या चौकात मान वर केली की आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या वर्गाची एखादी तरी पाटी दिसतेच. परदेशांचे झेंडे, ‘बँड’चे, म्हणजे त्या परीक्षेतील गुणश्रेणीचे, आश्वासन आणि व्हिसाचे मार्गदर्शन हे सगळे तेथे एकाच छताखाली मिळते, व्याकरणाच्या वाट्याला मात्र बहुतेक ठिकाणी बारा काळांचा एक तक्ता आणि दोन-तीन तासिका एवढेच येते. त्या तक्त्यात साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ यांची सूत्रे दिलेली असतात, ती पाठ करून घेतली जातात, आणि बोलताना किंवा लिहिताना या दोहोंपैकी नेमका कोणता निवडायचा हा खरा प्रश्न विद्यार्थ्याच्या नशिबावर सोडला जातो. दांडिया बाजारात एक निवृत्त शिक्षिका शनिवार-रविवारी चालवत असलेला वर्ग केवळ याच एका प्रश्नाला वाहिलेला आहे, असे कळल्यावर मी तेथे नाव नोंदवले. माझे कार्यालयीन काम परदेशी ग्राहकांना अहवाल आणि पत्रे पाठवण्याचे असल्याने गरज खरी होती. हा वर्ग पैसे वसूल करणारा आहे, असे माझे मत झाले आहे. परंतु त्यात दोन उणिवा अशा आहेत की त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. वर्ग घरगुती स्वरूपाचा असल्याने आणि पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्याने त्याचे नाव येथे दिलेले नाही.

पहिल्या तासिकेची सुरुवात इंग्रजीने होत नाही, हे या वर्गाचे पहिले वैशिष्ट्य आहे. बाई फळ्यावर मराठी वाक्य लिहितात: ‘मी कालच पैसे भरले आहेत.’ हे वाक्य चूक आहे का, असे त्या विचारतात, आणि अर्थातच कोणीही ते चूक म्हणत नाही, कारण वीजबिलाच्या खिडकीपासून शाळेच्या कार्यालयापर्यंत आपण सगळे हेच वाक्य बिनदिक्कत वापरतो. मग त्या शेजारी देवनागरीतच लिहितात: ‘आय हॅव पेड द मनी येस्टर्डे.’ आमच्या बॅचमधील एका तरुणाने हात वर करून विचारले, “बाई, मराठीत ‘काल’ आणि ‘आहे’ एकत्र चालतात, मग इंग्रजीत ‘येस्टर्डे’ आणि ‘हॅव’ का चालू नयेत?” बाईंनी उत्तर देण्याआधी त्यालाच उलट प्रश्न केला, “तू पैसे भरलेस ते कधीचं सांगतो आहेस? कालचं, की आत्ताचं?” तो म्हणाला, “दोन्हींचं.” “मराठीत दोन्हींचं एका वाक्यात सांगता येतं,” बाई म्हणाल्या, “इंग्रजीत एकच निवडावं लागतं.” पुढचा सगळा अभ्यासक्रम या एका उत्तराचाच विस्तार आहे, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही.

मराठीत ‘आहे’ लावलेले भूतकाळाचे रूप कालच्या, परवाच्या किंवा गेल्या वर्षीच्या घटनेलाही खुशाल लागते. इंग्रजीतील ‘हॅव’ मात्र, वरकरणी अगदी तशाच घडणीचा असूनही, भूतकाळातील निश्चित वेळ सांगणारा शब्द सहन करत नाही. याउलट ‘जेवलास का?’ या मराठी प्रश्नात ‘आहे’ कोठेच नाही, तरी ब्रिटिश इंग्रजीत तेथे ‘हॅव यू ईटन?’ हेच स्वाभाविक ठरते, कारण विचारणाऱ्याला जेवणाच्या वेळेशी काही देणेघेणे नसून पान वाढायचे की नाही एवढेच ठरवायचे असते. तिसरा प्रकार त्याहून फसवा आहे. ‘मी दहा वर्षांपासून इथे राहतो’ हे मराठीत वर्तमानकाळात असते, गुजरातीतही ‘हुं दस वर्षथी अहीं रहुं छुं’ असेच म्हटले जाते, आणि त्यातूनच ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ हे आपल्याकडे सर्वत्र ऐकू येणारे वाक्य तयार होते. प्रमाण इंग्रजीला तेथे ‘आय हॅव लिव्ड हिअर फॉर टेन इयर्स’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ हवे असते. म्हणजे मराठीच्या एकाही रूपाला इंग्रजीचे एकच ठरलेले रूप जोडता येत नाही, आणि जोपर्यंत विद्यार्थी तशी जोडी लावत राहतो तोपर्यंत सूत्रे कितीही पाठ असली तरी उपयोग होत नाही. बॅचमध्ये निम्मे गुजरातीभाषक असूनही ही तुलना सर्वांना लागू पडली, हे येथे मुद्दाम नोंदवतो.

दुसऱ्या टप्प्यात बाई तीन रंगांचे खडू वापरतात. जर्मन तत्त्वज्ञ हान्स रायकेनबाख यांनी १९४७ साली काळांची जी मांडणी केली, तिचा तो सोपा अवतार आहे. पांढरा ठिपका म्हणजे आपण बोलतो तो क्षण, लाल ठिपका म्हणजे घटना घडली तो क्षण, आणि पिवळा ठिपका म्हणजे त्या घटनेकडे आपण जेथून पाहतो तो क्षण. साध्या भूतकाळात लाल आणि पिवळा ठिपका एकत्र असतात आणि दोन्ही पांढऱ्याच्या मागे असतात. बोलणारा मनाने त्या कालच्या वेळेतच जाऊन उभा राहिलेला असतो. पूर्ण वर्तमानकाळात लाल ठिपका मागे असतो, पण पिवळा पुढे येऊन पांढऱ्याला चिकटलेला असतो. बोलणारा आजमध्ये उभा राहून मागच्या घटनेचा आजशी असलेला हिशेब सांगत असतो. पूर्ण भूतकाळात तिन्ही ठिपके वेगवेगळे पडतात. ‘येस्टर्डे’ किंवा ‘इन २०१९’ असा शब्द पिवळ्या ठिपक्याला भूतकाळात ठोकून बसवतो, आणि पूर्ण वर्तमानकाळाला तर तो आजच्या क्षणावर हवा असतो. म्हणून ते दोघे एका वाक्यात नांदू शकत नाहीत. मी आजवर ‘येस्टर्डेबरोबर हॅव येत नाही’ हा नियम अनेकदा ऐकला होता, परंतु त्यामागचे कारण इतक्या थोडक्यात कोणी सांगितले नव्हते.

हे कारण एकदा समजले की खुणेच्या शब्दांच्या याद्या किती तोकड्या आहेत तेही लक्षात येते. शहरातील एका मोठ्या वर्गाच्या नोट्स मी पाहिल्या आहेत. त्यांत ‘ऑलरेडी, जस्ट, येट, फॉर, सिन्स दिसले की हॅव लावा’ अशी ठळक अक्षरांतली सूचना आहे. यांपैकी ‘फॉर’विषयीची सूचना तर सरळ दिशाभूल करणारी आहे. ‘ही वर्क्ड इन अ बँक फॉर ट्वेंटी इयर्स’ याचा अर्थ तो गृहस्थ आता त्या बँकेत नाही, आणि ‘ही हॅज वर्क्ड’ म्हटले तर तो अजूनही तेथेच आहे. दोन्ही वाक्यांत ‘फॉर’ आहे आणि दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. फरक त्या माणसाच्या आजच्या नोकरीत आहे, शब्दात नाही. हीच गोष्ट ‘धिस मॉर्निंग’ची. सकाळी अकरा वाजता ‘आय हॅवन्ट सीन हिम धिस मॉर्निंग’ म्हणता येते, कारण सकाळ अजून चालू आहे आणि तो अजूनही भेटू शकतो. तेच संध्याकाळी चार वाजता म्हणायचे झाले तर ‘आय डिडन्ट सी हिम धिस मॉर्निंग’ म्हणावे लागते. बाईंनी यासाठी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागातील प्रदर्शनाचे उदाहरण दिले. ‘हॅव यू सीन द एक्झिबिशन?’ असे विचारले तर प्रदर्शन अजून उघडे आहे आणि पाहिले नसल्यास पाहायला जाता येईल, असा त्यात भाव असतो. ‘डिड यू सी द एक्झिबिशन?’ या प्रश्नात ते आटोपल्याचे गृहीत असते. एवढी बातमी केवळ सहायक क्रियापदावरून पोहोचते.

या वर्गातील मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे गाळलेल्या जागांचा उतारा. बाजारातील सरावपुस्तकांतले उतारे बहुतेक कोणा परक्या टॉम किंवा सूझनविषयी असतात, आणि त्यांतली माणसे जिवंत आहेत की नाहीत, ती कोठे राहतात, हे विद्यार्थ्याला माहीत नसल्यामुळे काळाची निवड निव्वळ अंदाजाने होते. बाईंनी तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांवर स्वतः उतारा रचला आहे. १८६३ साली कवळाण्यात जन्म, १८७५ साली दत्तकविधान आणि गादी, १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आणि १९०६ साली सर्व संस्थानात त्याचा विस्तार, ही सारी निश्चित सालांची वाक्ये सरळ साध्या भूतकाळात बसतात आणि तेथे कोणी अडखळले नाही. कसोटी लागली ती ‘ही ––– बडोदा फॉर नियरली सिक्स्टी-फोर इयर्स’ या वाक्याला. वर्गातील अनेकांनी ‘फॉर’ पाहून ‘हॅज रूल्ड’ लिहिले. बाईंनी काहीही न बोलता फळ्यावर फक्त ‘१९३९’ एवढे लिहिले, आणि ज्यांना महाराजांच्या निधनाचे साल माहीत होते त्यांनी आपापल्या वहीत ‘रूल्ड’ करून घेतले. ‘हॅज रूल्ड’ म्हणायचे तर महाराज आजही गादीवर असायला हवेत.

त्याच उताऱ्यात पुढे महाराजांच्या परदेशप्रवासांचे वाक्य आहे, आणि ते अधिक बारीक आहे. सयाजीराव अनेकदा युरोपला गेले, ही गोष्ट बडोद्यात सर्वांना ठाऊक आहे. तरीही ‘ही हॅज ट्रॅव्हल्ड टू युरोप मेनी टाइम्स’ हे वाक्य आज लिहिता येत नाही. ‘माय ब्रदर हॅज बीन टू लंडन थ्री टाइम्स’ हे मात्र चालते, कारण भाऊ जिवंत आहे, त्याच्या अनुभवांचा हिशेब अजून उघडा आहे आणि चौथ्यांदा जाणे शक्य आहे. उताऱ्यात काही जागा अशाही आहेत की तेथे पूर्ण वर्तमानकाळच लागतो. लक्ष्मीविलास राजवाडा १८९० साली पूर्ण झाला, येथे ‘वॉज कम्प्लिटेड’; आणि राजघराणे तेव्हापासून तेथे राहत आले आहे, येथे ‘हॅज लिव्ड देअर एव्हर सिन्स’. विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले, येथे ‘वॉज फाउंडेड’. आणि तेव्हापासून त्याला महाराजांचे नाव आहे, येथे ‘हॅज बोर्न हिज नेम सिन्स देन’. एकाच वास्तूविषयी आणि एकाच संस्थेविषयी दोन वाक्यांत दोन काळ कसे येतात, हे इतक्या ओळखीच्या मजकुरातून पाहिल्यावर ते पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

‘सिन्स’विषयीचा एक बारकावा येथेच आला आणि तो फारसा शिकवला जात नाही, म्हणून नोंदवतो. ‘सिन्स’च्या पुढे एखादी घटना आली तर त्या उपवाक्यात सहसा साधा भूतकाळ येतो आणि मुख्य वाक्यात पूर्ण वर्तमानकाळ: ‘आय हॅव रिटन टू देम ट्वाइस सिन्स आय जॉइन्ड.’ आपल्याकडे दोन्हीकडे ‘हॅव’ लावण्याची किंवा दोन्हीकडून तो काढून टाकण्याची प्रवृत्ती असते, आणि माझ्या कार्यालयातील पत्रव्यवहारात दोन्ही नमुने भरपूर सापडतात.

पूर्ण भूतकाळाच्या प्रकरणाला मात्र बाईंनी जेवढा वेळ दिला त्याच्या दुप्पट द्यायला हवा होता, असे मला वाटते, कारण बडोद्याच्या इंग्रजीचे खरे दुखणे तेच आहे. आपण ‘मी सोमवारी अहवाल पाठवला होता’ म्हणतो, गुजराती सहकारी ‘में सोमवारे रिपोर्ट मोकल्यो हतो’ म्हणतात, मध्य प्रदेशातून आलेले ‘मैंने सोमवार को रिपोर्ट भेजा था’ म्हणतात, आणि तिघांच्याही हातून इंग्रजीत ‘आय हॅड सेंट द रिपोर्ट ऑन मंडे’ हेच वाक्य उतरते. आपल्या भाषांत हे ‘होता’ घटना जरा दूर सारते. पाठवला खरा, पण पुढे काही झाले नाही, असा सूर त्यातून येतो, आणि त्यासाठी दुसऱ्या कोणत्याही घटनेचा उल्लेख करण्याची गरज नसते. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र ‘हॅड’ दिसताच भूतकाळातीलच दुसरा एखादा क्षण अपेक्षित असतो. कशाच्या आधी पाठवला, हे शोधत तो पुढचे वाक्य वाचतो, आणि तेथे ‘काइंडली रिव्हर्ट’ एवढेच असते. तेथे नुसते ‘आय सेंट द रिपोर्ट ऑन मंडे’ पुरते. सोमवारचे नाव घेतलेच आहे, तर साध्या भूतकाळाखेरीज दुसऱ्या कशाची गरज उरत नाही. आणि दिवस सांगायचाच नसेल, फक्त अहवाल आता तुमच्याकडे पोहोचलेला आहे हे सांगायचे असेल, तर ‘आय हॅव सेंट द रिपोर्ट’.

‘हॅड’ नेमका कोठे लागतो याचे बाईंचे उदाहरण स्टेशनचे होते आणि ते वर्गात चांगलेच रंगले. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ म्हणजे मी पोहोचलो तेव्हा फलाट रिकामा होता. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट’ म्हणजे मी पोहोचलो आणि गाडी हलली. धावलो असतो तर कदाचित मिळालीही असती. उताऱ्यातही असे एक वाक्य होते. १८८१ साली सयाजीरावांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले तेव्हा दिवाण टी. माधवराव सुमारे सहा वर्षे कारभार पाहत आले होते. येथे ‘हॅड बीन रनिंग’ लागते, कारण आपण १८८१ मध्ये उभे राहून त्याच्याही मागे पाहत आहोत. परंतु ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ने क्रम आधीच स्पष्ट केला असेल तर ‘हॅड’ची सक्ती नसते, आणि ‘आफ्टर ही लेफ्ट, वी लॉक्ड द ऑफिस’ हे निर्दोष आहे. तसेच एखाद्या हकिकतीत मागे गेल्याचे एकदा ‘हॅड’ने सूचित केले की पुढची वाक्ये साध्या भूतकाळात चालू ठेवता येतात. या शेवटच्या मुद्द्याला फक्त काही मिनिटे मिळाली आणि त्यावर लेखनाचा सराव झालाच नाही. कार्यालयीन अहवाल लिहिणाऱ्यांना नेमकी त्याचीच गरज असते.

आयईएलटीएसच्या दृष्टीने वर्ग उपयुक्त आहे का, असे अनेक जण विचारतात. त्या परीक्षेत लेखन आणि संभाषण या दोन्ही भागांत व्याकरणाचा आवाका आणि अचूकपणा हा चार निकषांपैकी एक असतो आणि चारही निकषांचे वजन समान असते. त्यामुळे काळांची निवड सुधारली तर त्याचा लाभ गुणांत दिसायला हवा. अ‍ॅकॅडेमिक प्रकारातील लेखनाच्या पहिल्या प्रश्नात बहुतेक वेळा आलेख किंवा तक्ता असतो, आणि तेथे निवड सालांवरून ठरते: २००० ते २०१० या बंद झालेल्या कालखंडासाठी ‘रोज’ (‘राइझ’चा साधा भूतकाळ), आणि २०१० पासून आजवरच्या वाढीसाठी ‘हॅज रिझन’. संभाषणाच्या दुसऱ्या भागात एक मिनिट विचार करून एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे असते, आणि तेथे आपल्या मुलांची एक ठरलेली चूक बाईंनी नेमकी पकडली. ‘आय हॅव बीन टू दीव. आय हॅव गॉन देअर विथ माय फ्रेंड्स. वी हॅव सीन द फोर्ट.’ पहिले वाक्य उत्तम आहे, कारण ते अनुभव जाहीर करते. परंतु अनुभव जाहीर झाल्याबरोबर ऐकणारा मनाने त्या सहलीत जातो आणि पुढचे सगळे ‘वी वेंट’, ‘वी सॉ’ असे साध्या भूतकाळात यावे लागते. इंग्रजी बातम्यांचीही हीच रीत असते: पहिल्या वाक्यात ‘हॅज’ने वार्ता, आणि पुढे तपशील साध्या भूतकाळात. जाता जाता, दुसऱ्या वाक्यातील ‘हॅव गॉन’ आणखी एका कारणाने खटकते. ‘ही हॅज गॉन टू दीव’ म्हणजे तो अजून तेथेच आहे, आणि ‘ही हॅज बीन टू दीव’ म्हणजे जाऊन परत आला आहे. परीक्षकासमोर बसून मी दीवला गेलेला आहे असे सांगणे विनोदीच ठरते.

आता उणिवा. पहिली आणि मोठी उणीव अशी की वर्गात ब्रिटिश वापर हाच एकमेव शुद्ध वापर मानला जातो. अमेरिकेत ‘डिड यू ईट येट?’ किंवा ‘आय जस्ट सेंट इट’ किंवा ‘आय ऑलरेडी पेड’ ही वाक्ये रोजच्या बोलण्यात सर्रास वापरली जातात. ब्रिटिश कान तेथे ‘हॅव’ची अपेक्षा करतो, एवढाच फरक आहे. बाई मात्र अशा प्रत्येक वाक्यावर लाल रेघ ओढतात. बडोद्यातील कितीतरी कुटुंबांची एक शाखा अमेरिकेत आहे, अनेक तरुण रात्रपाळीत अमेरिकी ग्राहकांशी बोलतात, आणि त्यांना तिकडून आलेला शुद्ध मजकूर अशुद्ध वाटू लागेल अशी शिकवण देणे योग्य नाही. यावर मी एकदा विषय काढला तेव्हा “परीक्षेत ब्रिटिश चालतं, तेवढं पुरे” असे उत्तर मिळाले. आयईएलटीएसमध्ये अमेरिकन वापरही चालतो, त्यामुळे हे उत्तर परीक्षेपुरतेही पटणारे नाही.

दुसरी उणीव संभाषणाच्या सरावाची आहे. बाई लिहून घेण्यात आणि समजावण्यात तरबेज आहेत, पण काळाची निवड बोलताना क्षणार्धात करावी लागते, आणि त्यासाठी जोड्या करून प्रश्नोत्तरे घेण्याला येथे फारच थोडा वाव आहे. ‘हॅव यू एव्हर’ने प्रश्न विचारायचा, ‘येस, आय हॅव’ने उत्तर द्यायचे आणि लगेच ‘आय वेंट देअर इन’ म्हणून साध्या भूतकाळावर यायचे, असा एकच सराव दर तासिकेला दहा मिनिटे झाला असता तरी पुरेसे होते. ज्यांची मुख्य अडचण बोलण्याची आहे त्यांनी केवळ या वर्गावर अवलंबून राहण्यासारखे नाही, हे ध्यानात घ्यावे. गृहपाठ तपासून मिळण्यास लागणारा उशीर ही तिसरी तक्रार म्हणावी इतकी मोठी नाही. तपासलेल्या वहीत प्रत्येक चुकीशेजारी लाल, पिवळा, पांढरा असे ठिपके काढून दिलेले असतात आणि त्यामुळे वाट पाहिल्याचे चीज होते.

व्यवस्थेविषयी थोडेसे. वर्ग एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर भरतो आणि जिना अरुंद व उभा आहे. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी विचार करावा. दांडिया बाजारात चारचाकी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा दुचाकी किंवा रिक्षाच बरी. गणेशोत्सवाच्या दिवसांत खालच्या रस्त्यावरील ढोलांमुळे शिकवणे ऐकू येत नाही आणि त्या काळातील तासिका पुढे ढकलल्या जातात. फी अडीच हजार रुपये असून ती पहिल्याच दिवशी पूर्ण घेतली जाते, तीत झेरॉक्स नोट्सचा खर्च धरलेला आहे, आणि मध्ये सोडल्यास पैसे परत मिळत नाहीत. डेमो म्हणून पहिली तासिका मोफत असते, पण ती नेहमी ‘मी कालच पैसे भरले आहेत’ची असते, आणि ती इतकी चांगली होते की तिच्यावरून पूर्ण भूतकाळाच्या घाईचा अंदाज येत नाही. कार्यालयीन लेखनासाठी येऊ इच्छिणाऱ्यांनी फी भरण्याआधी पूर्ण भूतकाळाच्या तासिकेला एकदा मागे बसू द्यावे अशी विनंती करून पाहावी. बाई सहसा नाही म्हणत नाहीत.